सान दानिएलेचे प्रोशुत्तो त्याच गावात का बनते?

इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातील सान दानिएले या टेकडीवरच्या लहानशा गावातील प्रोशुत्तो, म्हणजे डुकराची खारवून वाळवलेली मांडी, अन्यत्र का बनवता येत नाही, असा आपला प्रश्न आहे. कायद्याचे कारण सरळ आहे: या नावाला १९९६ पासून युरोपीय संघाचे संरक्षण असून ते त्याच गावाच्या हद्दीत बनावे लागते.

खरे कारण मात्र हवेत आहे. आल्प्सकडून उतरणारा गार वारा आणि एड्रियाटिक समुद्राकडून येणारी उबदार, दमट हवा तालियामेंतो नदीच्या काठी एकत्र येतात, आणि त्या हवेत मांडी सावकाश मुरते. घटक दोनच, मांस आणि समुद्री मीठ. मांडी जितके किलो भरेल, साधारण तितके दिवस ती मिठात ठेवतात. पुढे ती दाबतात, म्हणून तिला गिटारसारखा आकार येतो, आणि खूर तसाच राखतात. किमान १३ महिन्यांनी पारखी माणूस घोड्याच्या हाडाची सुई आत खुपसून लगेच हुंगतो. वासावरूनच निकाल लागतो. कागदासारखे पातळ काप तोंडात ठेवताच विरघळतात. त्यांची पांढरी चरबी कृपया काढून टाकू नये, कारण गोडवा तिच्यातच असतो.