पाहुण्यांना चालते, मग मला का नाही?

मुलगा गांजा ओढतो हे कळल्यावर पोलिसांना सांगावे, व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवावे, की कुठेतरी लांब नोकरीला पाठवून द्यावे, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांमध्ये गोव्यातील पेडणे आणि बार्देश तालुक्यांच्या किनारपट्टीवरील कुटुंबे पुष्कळ असतात. अलीकडे त्यांच्या काळजीत एका वादाची भर पडली आहे. कॅनडात आणि जर्मनीत हे कायदेशीर झाले, उद्या इथेही होईल, मग मला गुन्हेगार का ठरवता, असे मुले घरात उघडपणे विचारतात, आणि आईवडिलांकडे रागावाचून दुसरे उत्तर नसते. ज्या कुटुंबाच्या अनुभवावरून मी हे लिहीत आहे, त्यांनी त्यासाठी संमती दिली आहे. ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत.

पेडणे तालुक्यातील समुद्रालगतच्या गावात या कुटुंबाचे जुने घर आहे. वडिलांनी घरामागे काही खोल्या बांधून त्या पर्यटकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंतच्या हंगामावरच घराचा वर्षाचा खर्च भागतो. मुलगा १९ वर्षांचा, म्हापशाच्या कॉलेजात शिकणारा. त्याच्या स्कूटरच्या डिकीत आईला गांजाची पुडी सापडली. वडिलांनी त्याला मारले, मोबाइल काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात नेऊन उभा करण्याची भाषा केली. आईने कसेबसे थोपवून सगळ्यांना माझ्याकडे आणले.

अशा वेळी मी आधी एक गोष्ट तिघांच्या देखत स्पष्ट करते. मुलगा एकट्याने माझ्याशी जे बोलेल ते माझ्याकडेच राहील. त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तरच मी ते सांगेन. ही हमी नसेल तर मूल खोटे बोलते, आणि खोट्या माहितीवर केलेला सल्ला निरुपयोगी ठरतो. या मुलाने त्यानंतर मोकळेपणाने सांगितले. अकरावीत, १६ व्या वर्षी, मित्रांसोबत पहिला झुरका घेतला, मग शनिवार-रविवार, आणि गेले दीड वर्ष रोज रात्री, तंबाखूत मिसळून. कानात आवाज येतात का, कोणी पाळत ठेवते आहे असे वाटते का, हेही मी विचारले. तसे काही नव्हते. अभ्यास मागे पडला होता, फुटबॉल सुटला होता, आणि ओढल्याशिवाय झोप लागत नव्हती.

कायद्याचा मुद्दा त्यानेच काढला. मी तो टाळला नाही, कारण जी माहिती मुलाने इंटरनेटवरून अर्धवट मिळवली आहे ती पूर्ण करून देणे हे त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाच्या विक्रीला परवानगी दिली हे खरे आहे. पण तिथे किमान वय बहुतेक प्रांतांत १९ आहे, आणि क्वेबेक प्रांताने तर ते २१ केले आहे. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढांना मर्यादित प्रमाणात गांजा बाळगू दिला, तोही १८ वर्षांवरील व्यक्तींनाच. थायलंडने २०२२ मध्ये बंधने काढली आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालून पुन्हा आणली. ज्या वयात या मुलाने सुरुवात केली, त्या वयाच्या मुलाला दुकानातून गांजा विकत घेण्याची मुभा यांपैकी एकाही देशाने दिलेली नाही. त्यामागे कारण आहे. मेंदूचा विकास साधारण पंचविशीपर्यंत चालू असतो, आणि गांजातील टीएचसी हे द्रव्य स्मरणशक्ती, लक्ष आणि आनंदाची जाणीव सांभाळणाऱ्या यंत्रणेतच हस्तक्षेप करते. गांजा ओढणाऱ्या सर्वांनाच त्याचे व्यसन लागत नाही. पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये साधारण सहापैकी एकाला ते लागते, असे संशोधनातून दिसून आले आहे.

मुलाने हे शांतपणे ऐकून घेतले आणि मग जे सांगितले ते मला त्या सगळ्या आकडेवारीपेक्षा महत्त्वाचे वाटले. तो म्हणाला, “आमच्या खोल्यांच्या गॅलरीत पाहुणे रोज संध्याकाळी ओढत बसतात. बाबा स्वतः त्यांना राखदाणी नेऊन देतात. वास आजीच्या खोलीपर्यंत येतो, तरी कोणी काही बोलत नाही. पाहुण्यांना चालते, मग मला का नाही?”

त्याच्या संमतीने मी हा प्रश्न पुढच्या भेटीत आईवडिलांसमोर ठेवला. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, हंगामात पाहुण्याला हटकले तर तो शेजारच्या घरी खोली घेतो.” त्यांची अडचण खरी होती. या किनाऱ्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी येऊ लागले, तेव्हापासून ‘ती त्यांची रीत, आपल्याला काय’ असे म्हणून पाहुण्यांच्या चिलमीकडे दुर्लक्ष करण्याची सवय गावांना लागली, आणि त्या दुर्लक्षावर पुढे अनेकांची रोजीरोटी उभी राहिली. पण ज्या मुलाने जन्मापासून पाहिले की पैसे देणाऱ्याच्या हातातील गांजाने घराची अब्रू जात नाही, त्याला आपल्या हातातील गांजाने ती का जावी हे मारून समजणार नाही. माझ्या मते किनाऱ्यावरील गावांत पालकांचा शब्द मुलांपाशी कमकुवत होतो तो इथेच. घरातील नियम माणूस पाहून बदलतो, आणि मुलांना ते सर्वांत आधी कळते.

या बोलण्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. एकदा एका पाहुण्याच्या सांगण्यावरून मुलाने त्याला पुडी आणून दिली होती आणि त्याबदल्यात थोडी स्वतःसाठी ठेवली होती. त्याला ती मदत वाटत होती. त्यामुळे कायदा काय म्हणतो हे मला तिघांनाही नीट सांगावे लागले. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात भांगेच्या नुसत्या पानांचा समावेश नाही, पण गांजा आणि चरस यांचा आहे. गांजाच्या सेवनासाठी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याला आणून देणे हे मात्र सेवन राहत नाही. तो कलम २० खालचा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा होतो, आणि पुडी किती लहान होती किंवा पैसे घेतले की नाही यावरून तो नाहीसा होत नाही. शिवाय कलम २५ नुसार आपल्या घरात किंवा खोलीत असा गुन्हा घडू देणारा मालक, त्याला ते माहीत असेल तर, त्याच गुन्ह्याच्या शिक्षेस पात्र ठरतो. मुलाला पोलिसांकडे नेण्याची भाषा करणाऱ्या वडिलांनी हे पहिल्यांदाच ऐकले.

त्यांना घाबरवण्यासाठी मी हे सांगितले नाही. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, आणि ते पालकांपर्यंत पोचलेले नसते. व्यसन जडलेली व्यक्ती सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकली असली तरी तिने स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. ओढणाऱ्याला उपचाराकडे जाण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. बदनामीच्या भीतीने कुटुंबेच ती बंद करून घेतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

यानंतर चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, विषय निघाला. चवथीला हे कुटुंब डिचोली तालुक्यातील मूळ घरी जाते आणि गणपतीचे विसर्जन होईपर्यंत सगळे भाऊबंद एकत्र राहतात. आदल्या वर्षी तिथे मुलाने कहर केला होता, असे वडिलांचे म्हणणे होते: माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची आरास, बांधताना काकांवर ओरडला, आरतीला उभा राहिला नाही, पानावरचे जेवण टाकून उठला, रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालत होता. घरच्यांनी तो उद्धटपणा मानला. मुलाने मात्र त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला होता: गांजा नसला की माझे डोके बिघडते, म्हणजे गांजा माझ्यासाठी औषध आहे. प्रत्यक्षात दोघांनी जे पाहिले ते गांजा अचानक थांबल्याची लक्षणे होती. रोज ओढणाऱ्याने एकाएकी बंद केले की पहिल्या एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, भूक न लागणे, झोप उडणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तो सर्वाधिक असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, मात्र झोप आणि विचित्र स्वप्ने यांचा त्रास अधिक काळ राहू शकतो. चवथीचे दिवस नेमके त्या सर्वांत कठीण काळात आले होते, आणि घरी परतल्याच्या रात्रीच त्याने पुन्हा ओढले. हा त्रास जातो, त्याला मुदत आहे, हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत सरळ होऊन बसला. वडिलांनीही त्या चार दिवसांकडे नव्याने पाहिले, आणि मुलाला मारलेल्या थपडेबद्दल त्यांचे मन त्यानंतरच मऊ झाले.

आईने एकटीने बोलताना आपल्या भावाविषयी सांगितले. तो तरुणपणी संशयी झाला, अनेक वर्षे औषधांवर होता, आणि सासरी हे कधी बोलले गेले नव्हते. ही माहिती अत्यंत महत्त्वाची होती. ज्यांच्या रक्ताच्या नात्यात असा आजार आहे त्यांनी गांजा ओढल्यास भ्रम आणि संशयाचा आजार उद्भवण्याचा धोका वाढतो, आणि रोजचा, तीव्र गांजा तो आणखी वाढवतो. किनाऱ्यावर आता बंद खोलीत पाण्यावर वाढवलेला, टीएचसीचे प्रमाण पुष्कळ जास्त असलेला गांजाही येतो. पूर्वीचे लोक ओढत होते, त्यांना काय झाले, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. मी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत तपासणी करून घ्या, असे सुचवले. बांबोळीला आपल्याला कोणी पाहिले तर, ही आईची भीती मला अपरिचित नव्हती. मी तिला भावाला पहिल्यांदा डॉक्टरांकडे केव्हा नेले ते विचारले. फार उशिरा, असे ती म्हणाली, आणि तिने तारीख ठरवली.

गांजा सोडवणारी खास मान्यताप्राप्त गोळी नाही. समुपदेशन, झोपेची शिस्त, तंबाखूचाही एकत्र विचार, आणि मुलाला स्वतःला हवी असलेली एखादी गोष्ट, यांवर उपचार उभा राहतो. या मुलाला बोटीवर नोकरी करायची होती. वडिलांना तो शिक्षेचा उपाय वाटत होता, तर मुलाची ती लहानपणापासूनची इच्छा होती. जहाज कंपन्या भरतीपूर्वी मादक द्रव्यांची चाचणी घेतात आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचे अंश काही आठवडे सापडतात, हे कळल्यावर त्याने सोडण्याची तारीख स्वतः सांगितली. परराज्यातील केंद्रात बळजबरीने नेण्याचा विचार वडिलांनी सोडला. खोल्यांबाबतचा निर्णयही त्यांनीच घेतला: प्रत्येक खोलीत सूचना लावली, गॅलरीतील राखदाण्या उचलल्या, आणि खोली देतानाच नियम सांगायला सुरुवात केली. काही पाहुणे गेले. मुलाला पाहुण्यांच्या कोणत्याही आणाआणीतून बाहेर ठेवले.

गांजा इथेही कायदेशीर व्हावा का, असे मला पालक विचारतात, विशेषतः २०२० च्या अखेरीस औषधी उपयोगासाठी लागवडीचा प्रस्ताव राज्याच्या कायदा खात्याकडून पुढे गेल्याची बातमी आली आणि त्यावर मोठा विरोध झाला तेव्हापासून. औषधासाठी लागवड आणि ओढण्यासाठी विक्री या वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ ओढणाऱ्या तरुणाला तुरुंगाची भीती दाखवून काही साधत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. कॅनडात परवानगीनंतर गांजाविषयीच्या गुन्ह्यांची नोंद पुष्कळ घटली, हा तिथल्या तरुणांचा खरा लाभ आहे. त्याच काळात गांजा घातलेला खाऊ चुकून खाल्ल्यामुळे लहान मुलांना इस्पितळात आणण्याचे प्रमाण वाढले, हेही तितकेच खरे आहे. आपल्या गावांत स्वयंपाकघर, भाड्याची खोली आणि मुलांची झोपण्याची जागा यांच्यामध्ये अनेकदा एकच भिंत असते. अशा ठिकाणी खुल्या विक्रीची मला काळजी वाटते.

सोडल्यानंतर डिसेंबरच्या गर्दीत मुलाने एका रात्री पुन्हा ओढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला स्वतः सांगितले. असे घडते. त्या दिवशी घरात पुन्हा ओरडाआरडा झाला नाही, म्हणून तो उपचारात टिकला. बांबोळीतील तपासण्या चालू आहेत, फुटबॉल पुन्हा सुरू झाले आहे, आणि बोटीच्या भरतीची तयारी तो करतो आहे.

आपल्या घरी असा प्रश्न असेल तर मारहाण आणि झडती यांच्याआधी किती, केव्हापासून आणि कशासाठी हे शांतपणे विचारावे. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर आपली ओळख न सांगताही बोलता येते. मुलगा कोणी मागावर आहे असे म्हणू लागला, न दिसणाऱ्याशी बोलू लागला, अनेक रात्री झोपेवाचून काढू लागला किंवा मरणाच्या गोष्टी करू लागला, तर समुपदेशनाच्या वेळेची वाट पाहू नये. त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे आणि नात्यातील आजाराची माहिती, विचारली नाही तरी, स्वतःहून सांगावी.