तोफखाना मिळाला तर तोंड पाडू नकोस

बाळ,

मराठा लाईट इन्फंट्री मिळाली तर सोनं, आणि तोफखाना दिला तर काय, लांब मागं बसून गोळेच टाकायचे, असं तू परवा म्हणालास आणि ते माझ्या डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. मराठाचं वेड मला कळतं रे, आपल्याकडं सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत घरटी कुणीतरी फौजेत आणि त्यात मराठाचा मान मोठा. पण मी नोकरीभर ओपी पार्टीत, म्हणजे पुढं जाऊन गोळे कुठं पडतात ते बघून तोफांना सांगणाऱ्या टोळीत, रेडिओ पाठीवर वाहिलाय, त्यामुळं हे "मागं बसून" मला सोसत नाही.

कॅप्टन जेरी प्रेमराज हे नाव ऐकलंयस का? केरळचा पोरगा, 158 मीडियम रेजिमेंटचा, म्हणजे तोफखान्याचाच. 1999 ला कारगिल पेटलं तेव्हा लग्न नुकतंच झालेलं, सुट्टीवर होता, तरी युनिटकडं निघाला. द्रास सेक्टरमध्ये ट्विन बम्प्स नावाच्या डोंगरी ठाण्यावरच्या हल्ल्यात तो इन्फंट्रीच्या, म्हणजे पायदळाच्या जवानांबरोबर चढत होता, फॉरवर्ड ऑब्झर्व्हेशन ऑफिसर म्हणून, म्हणजे पुढं राहून तोफांचा मारा सांगणारा अधिकारी. तोफा पार खाली मागं होत्या, हा मात्र शत्रूच्या बंकरसमोर. तिथं त्याला गोळी लागली, तरी रेडिओ सोडला नाही, फायर देतच राहिला, मग दुसऱ्यांदा गोळ्या लागल्या आणि गेला. 7 जुलै 1999. मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

आता "फायर देत राहिला" म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण सगळं त्यातच आहे. गोळा पडतो, धूर दिसतो, तो टार्गेटपासून किती डावीउजवीकडं, किती अलीकडं पलीकडं हे बघायचं आणि रेडिओवर सांगायचं, डावीकडं दोनशे, वाढवा चारशे. डोंगरात तर अजून वैताग, हवा विरळ म्हणून गोळा नेहमीपेक्षा लांब जातो, आणि धारेच्या पलीकडं पडला की दरीत गडप, धूरच दिसत नाही, मग सुधारणा कशावरनं देणार? आणि आपलीच पोरं त्या बंकरच्या दिशेनं चढत असतात, आकडा चुकला तर गोळा त्यांच्यावर. अंगात गोळी घुसलेली असताना हा हिशोब बरोबर सांगायचा, आवाज न कापता. मला विचारशील तर याच्याइतकं धाडस मला दुसऱ्या कशातच दिसत नाही.

कारगिलमध्ये तोफखान्यानं अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेट टाकले, आणि द्रासच्या पॉइंट 5140 या शिखराला 2022 मध्ये गन हिल नाव दिलं ते याच कामासाठी. पण प्रत्येक गोळ्यामागं कुणीतरी वर बसून डोळ्यानं बघत होतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

म्हणून अकॅडमीत शेवटी चॉइस भरताना मराठा पहिलं लिही, खुशाल लिही, पण तोफखाना मिळाला तर तोंड पाडून देवळालीला जाऊ नकोस. तिथं स्कूल ऑफ आर्टिलरीत जे शिकवतात ते मन लावून शिक, गणिताचा कंटाळा आत्तापासनंच सोड. पळतोस छान, पुशअप्स पण चांगले, पण नकाशा तुला वाचता येत नाही हे मी बघितलंय. आणि रेडिओ ऑपरेटरला नावानं हाक मारत जा, वर तोच तुझ्या शेजारी असतो. आईला पण खरं सांग, तोफखाना म्हणजे सेफ असं सांगून तिची समजूत काढू नकोस.

येत्या रविवारी पन्हाळ्याला जाऊ. तटावरनं जोतिबाचा डोंगर दिसतो, तो किती मीटरवर आहे ते आधी नुसत्या डोळ्यानं बघून वहीत लिहायचं, मग नकाशावर मोजायचं, मग वाटेतली झाडं, टॉवर, खालची घरं असंच करत जायचं. सकाळी सहाला निघू, वही आणि पेन्सिल आण, कंपास माझ्याकडं आहे.

तुझा,
काका