सकाळचा माणूस कापू नकोस

तू पाठवलेली तुमच्या रेडिओ स्टेशनांवरच्या माणसांची एक्सेल शीट काल दोनदा उघडली आणि दोन्ही वेळा बंद केली. नाव, शहर, स्लॉट, पगार आणि शेवटच्या कॉलममध्ये 'क्रिटिकल: हो / नाही'. तीन शहरं, अकरा माणसं, त्यातली पाच शुक्रवारच्या आत 'नाही' करायची, म्हणजे कामावरून काढायची, आणि खाली तुझा प्रश्न, "ताई, कुठल्या क्रायटेरियानं करू?"

अरे, क्रायटेरिया काय विचारतोस. पगार जास्त तो आधी, लीव्ह जास्त तो आधी, क्रायटेरिया कसलाही लावता येतो आणि कसलाही लावला तरी तो शीटमध्ये व्यवस्थितच दिसतो. मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि या पत्रात तीच परत परत येणार आहे, कंटाळा आला तरी वाच. सकाळी सात ते अकरा त्या गावच्या माइकवर त्या गावचा माणूस बसलेला पाहिजे, लाइव्ह. बाकी सगळ्यावर बोलता येईल, यावर नाही.

आता आधी हिशोब, कारण मॅनेजमेंट म्हणजे राक्षस असं समजून मीटिंगला गेलास तर पहिल्या पाच मिनिटांत गप्प बसवतील तुला. पैसे खरंच नाहीयेत. आणि का नाहीयेत हे तुझ्या वयाच्या प्रोग्रॅमिंगवाल्यांना कुणी सांगत नाही, तुम्हाला वाटतं लोक मोबाइलवर गाणी ऐकायला लागले म्हणून. ते आहेच, पण त्याच्या कितीतरी आधीपासूनची गोष्ट आहे. २००० सालच्या खासगी एफएमच्या पहिल्या लिलावात लायसन्स फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार असं ठरलं होतं, १०८ फ्रिक्वेन्सीज काढल्या आणि प्रत्यक्षात चालू राहिली वीस-बावीस स्टेशनं, बाकीच्यांना ते झेपणार नाही हे कळलं होतं. २००५ मध्ये सरकारनं ते बदलून महसुलाच्या ४ टक्क्यांवर आणलं तेव्हा कुठे छोट्या शहरांत रेडिओ आला, मी पण त्याच लाटेत आले. मग २०११ ची पॉलिसी, जिला फेज थ्री म्हणतात, महसुलाच्या ४ टक्के किंवा लिलावात एकदाच भरलेल्या एन्ट्री फीच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते, म्हणजे धंदा बसला तरी फीला खाली जायला जागाच नाही. आणि २०१५ च्या लिलावात दिल्लीची एक फ्रिक्वेन्सी १६९ कोटींना गेली, मुंबईची १२२ कोटींना. हे पैसे आधी भरायचे आणि मग पंधरा वर्षांत जाहिरातीचे दहा-दहा सेकंद विकून वसूल करायचे. त्यात २०२० आलं, धंदा निम्म्याच्याही खाली गेला. सरकारी जाहिरातीचा बेस रेट २०१५ नंतर थेट २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वाढला, दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४. आणि २०१५ ला ज्यांनी जुनी लायसन्स पुढे नेली त्यांची मुदत २०३० ला संपतेय, म्हणून आता कुठलाच मालक नवीन पैसा घालायला तयार नाही.

हे सगळं नीट वाच आणि मला सांग, यात आरजेनं काय केलं? सकाळी पाचला उठून स्टुडिओत येणाऱ्या पोरानं १६९ कोटींची बोली लावली होती का? टॉवरचं भाडं कमी होत नाही, ट्रान्समीटर चोवीस तास चालतो त्याचं वीजबिल कमी होत नाही, गाण्यांची रॉयल्टी द्यावीच लागते, फी तर बोललेच. एका महिन्याच्या नोटिशीवर जाऊ शकतो तो फक्त माणूस, म्हणून तोच जातो. खर्च तिथे जास्त आहे म्हणून नाही, तिथे कात्री सहज चालते म्हणून.

मला हे माहीत आहे कारण ती कात्री मी चालवलीय. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

नाशिकला होते तेव्हा. कंपनीचं नाव नको, तू ओळखशील आणि त्यानं काही फरक पण पडत नाही. फेज थ्रीमध्ये स्वतःच्या सगळ्या शहरांत एकच शो चालवायची मोकळीक मिळाली, त्याआधी मोठ्या शहरांत ती नव्हती, आणि सगळ्यांना जणू खजिनाच सापडला. एक हब, एक आरजे, आदल्या संध्याकाळी सहा शहरांच्या लिंक, म्हणजे गाण्यांच्या मधलं बोलणं, रेकॉर्ड करायच्या आणि सकाळी सोडायच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात माझ्यापुढे अशीच एक लिस्ट आली. आमचा सकाळचा मुलगा पंचवटीतला होता, रोज स्कूटरवरून घाटावरून यायचा आणि आल्या आल्या गंगेवर काय बघितलं ते बोलायचा (नाशिकबाहेरच्यांसाठी, गोदावरीला तिथे गंगाच म्हणतात). आवाज काही फार भारी नव्हता, 'ळ' कधी कधी घसरायचा. मी सही केली. वर आणखी काय केलं सांगू? हबमधल्या मुलीला नाशिक माहीत नव्हतं म्हणून तिच्यासाठी दोन पानांची सिटी शीट मीच बनवली. कॉलेज रोड, मिसळ कुठली, द्वारकाचा ट्रॅफिक, संध्याकाळी गोदाघाट. मन लावून बनवली होती, तेव्हा त्याचा अभिमान पण वाटला होता.

ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊस लागला, रात्रभर थांबला नाही. गंगापूर धरणाचं पाणी सोडणार हे सकाळी सगळ्या नाशिकला कळलं होतं. तुला माहितेय नाशिककर पूर कसा मोजतात, क्यूसेकमध्ये नाही, रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आहे त्याच्यावर. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. कमरेला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात, छातीला आलं की भांडीबाजार आणि सराफबाजारवाले माल वरच्या मजल्यावर चढवायला लागतात. त्या सकाळी गावातला प्रत्येक माणूस एकमेकांना एकच विचारत होता, दुतोंड्या कुठपर्यंत?

आणि नऊच्या सुमाराला आमच्या चॅनलवर, गाण्यानंतर, हसऱ्या आवाजात लिंक आली की नाशिककर, आज संध्याकाळी गोदाघाटावर एक चक्कर माराच, मस्त वारा असेल.

माझ्या शीटमधलं होतं ते. तिची काही चूक नव्हती, तिनं आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला रेकॉर्ड केलं होतं, तिच्या शहरात तेव्हा ऊन होतं. मी घरून ओली होऊन स्टेशनला पोचले, आत एक सिक्युरिटीवाला आणि एक इंजिनिअर. कन्सोल समोर होता, माइक समोर होता, हेडफोन सकाळच्या मुलाचा तसाच खुंटीला होता, आणि सिस्टम हबच्या फीडवर लॉक. पासवर्ड हबच्या आयटीकडे. फोन केला तर म्हणाले, मॅम, अकरापर्यंत लॉग लॉक आहे, स्पॉन्सर टॅग्ज लागलेत, अकरानंतर स्प्लिट देतो, म्हणजे नाशिकचं फीड वेगळं करून देतो. मी त्या खुर्चीत बसून होते, फीडचा मीटर वरखाली होताना बघत, आणि एक शब्द हवेत सोडू शकत नव्हते. भांडीबाजारातला एक दुकानदार आमचा जुना क्लायंट, त्याचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, माल हलवत होते. ओरडला नाही तो. एवढंच म्हणाला, "मॅडम, तुम्ही नाशकातच आहात ना?"

त्या दिवाळीला त्यानं आमच्याकडे जाहिरात दिली नाही. पण ते जाऊ दे, त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

म्हणून म्हणते, सकाळचा माणूस कापू नकोस. आणि मीटिंगमध्ये ही गोष्ट सांगू नकोस, भावनिक म्हणतील. तिथे हे सांग: आपल्याला, म्हणजे खासगी एफएमला, स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीचं बुलेटिन आहे तसं लावता येतं. गाणी सगळ्यांकडे तीच आहेत, फोनवर तर जाहिरातीशिवाय आहेत. मग आपल्याकडे काय उरलं? ट्रॅफिक, हवामान, पाणी कधी येणार, लाइट कुठे गेली, प्रशासनानं काय इशारा दिला, गावात कुठला कार्यक्रम आहे. पॉलिसीत हे सगळं बातमी धरत नाहीत, ते आपल्याला मोकळं आहे, आणि नेमकं तेच करणारा माणूस आपण काढून टाकतोय. याच्यापुढे मॅनेजमेंटला काय बोलायचं ते बोलू दे.

दुसरं, तिन्ही शहरांचं जाहिरातीचं उत्पन्न नॅशनल (मोठे ब्रँड) आणि रिटेल (गावातले दुकानदार) असं वेगळं करून माग. कुणी लगेच देणार नाही, मागे लाग. गावातला साडीवाला, सराफ, क्लासवाला, बिल्डर स्पॉट, म्हणजे रेकॉर्ड केलेली जाहिरात, विकत घेत नसतो, तो सकाळच्या आरजेच्या तोंडून आपलं नाव विकत घेतो, त्या मेन्शनला जो रेट मिळतो तो साध्या स्पॉटला कधीच मिळत नाही. आरजे गेला की पहिल्या तिमाहीत काही दिसत नाही, काँट्रॅक्ट चालू असतात, वरचे म्हणतात बघा काही फरक पडला नाही. मग रिन्यूअलला रेट पडतो, रेट पडला म्हणून जास्त सेकंद विकायचे, ब्रेक लांबले म्हणून लोक चॅनल बदलतात, मग परत रेट पडतो, आणि मग परत एक शीट येते. मी हे चक्र दोनदा पूर्ण फिरताना बघितलंय. वाचलेला पगार एका ओळीत दिसतो, गेलेला धंदा पाच ओळींत विखुरलेला असतो, म्हणून तो कुणाला दिसत नाही. तू तो एका जागी आणून दाखव, एवढंच तुझं काम आहे शुक्रवारी.

आणि द्यायचं काय, हे पण तयार ठेव, नुसतं नको नको म्हणणाऱ्याला कुणी ऐकत नाही. दुपारचा शो नेटवर्क करायचा असेल तर करू दे. रात्र पण घ्या. एआय आवाजाला मध्यरात्री दोन ते पाच देऊन टाक, माझी हरकत नाही. होर्डिंग बंद करा, ऑफिसचा अर्धा मजला सोडा, सेलिब्रिटीकडून रेकॉर्ड करून घेतलेले प्रोमो थांबवा. पण सकाळ नाही. आणि कुठल्याही शहरात कुठलाही शो बाहेरून येत असला तरी तिथल्या एका माणसाच्या हातात फीड तोडून माइक उघडायचा अधिकार लेखी पाहिजे, पासवर्डसकट. हे तर फुकट आहे रे, याला एक रुपया लागत नाही, तरी त्यासाठी मला दोन वर्षं भांडावं लागलं होतं.

२०२० मध्ये परत लिस्ट आली तेव्हा मी हेच सगळं दिलं, सकाळ दिली नाही. लोक म्हणतात ताईला हट्टीपणा नडला. नडला असेल. पुढच्या वर्षी मी बाहेर पडले, काही जण म्हणतात काढलं. त्याचा खुलासा मी कुणाला केला नाही आणि आज पण करत नाही, पण मी असेपर्यंत माझ्याकडच्या दोन शहरांत सकाळी गावचाच माणूस बोलत होता. आणि २०१६ ची सही? घराचा हप्ता होता, आई आजारी होती, मी नसती केली तर माझ्या जागी बसवलेल्यानं केली असती, हे सगळं खरं आहे. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलेय. पण सिटी शीट बनवायला मला कुणी सांगितलं नव्हतं, ती मी आपणहून बनवली, काम नीट झालं पाहिजे म्हणून. तुझ्यात तोच गुण आहे म्हणून भीती वाटते मला. चुकीचा निर्णय नीटनेटका करून द्यायला जाऊ नकोस. त्यांना नेटवर्क सकाळ हवीच असेल तर शीट त्यांची त्यांना बनवू दे.

तू लिहिलंयस की मी राहिलो तर निदान उरलेल्या सहा जणांना सांभाळेन. असेल. मी पण हेच म्हटलं होतं. सांभाळणं म्हणजे काय ते आधी स्वतःशी ठरव, नाहीतर दर वर्षी एक आकडा कमी होतो आणि आपण दर वर्षी उरलेल्यांना सांभाळत राहतो.

ज्यांना जावंच लागेल त्यांच्याशी तू स्वतः बोल, समोर बसून, एचआरच्या मेलच्या आधी. शो संपल्यावर बोल, शोच्या आधी नको. "आपण फॅमिली आहोत" हा शब्द तोंडातून काढू नकोस. त्यांच्या शोच्या क्लिप्स पेन ड्राइव्हवर घालून दे, गेल्यावर सर्व्हरवरून काही मिळत नाही आणि दुसरीकडे मुलाखतीला जाताना तेवढंच हातात असतं. नोटीस पे आणि सेटलमेंटची तारीख लेखी घे. पंचवटीच्या त्या मुलाला मी यातलं काहीच दिलं नव्हतं, फोनवर सांगितलं होतं. आता त्याचं मंडप डेकोरेशनचं काम आहे, चांगलं चाललंय. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला, नमस्कार केला, चहा आणून दिला. रेडिओचा विषय दोघांनीही काढला नाही.

शीटमध्ये सातव्या ओळीत जी मुलगी आहे ना, सकाळचा शो करते, पगार सगळ्यात जास्त दिसतोय, तिच्यापुढे तू पेन्सिलनं खूण केल्यासारखा पिवळा रंग दिलायस. तो आधी काढ. मग रिटेलचे आकडे माग. गुरुवारी रात्री नऊनंतर फोन कर, दोघं मिळून परत ती शीट उघडू, मी जागी आहे.