परसातला फणस पडला. त्याचे टेबल कधी करावे?

प्रश्न : कुडाळजवळच्या आमच्या घरामागचा जुना फणस जूनच्या वादळी वाऱ्यात मुळासकट पडला. खोडाचे आठ फुटी दोन ओंडके करून ठेवले आहेत. त्यांतून पुण्याच्या घरासाठी जेवणाचे टेबल आणि देव्हारा व्हावा, अशी आईची इच्छा आहे. गावातले काही जण सांगतात की ओंडका वर्षभर तसाच पडू द्यावा आणि मगच चिरावा. हे योग्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ओंडके मुळीच तसे पडू देऊ नका. सालीसकट असलेला ओंडका वर्षभरातही आतून वाळत नाही. उलट कोकणच्या पावसात गाभ्याबाहेरच्या फिकट थराला बुरशी आणि भुंगेरे लागतात, आणि कापलेल्या टोकांकडून ओल झपाट्याने निघून गेल्यामुळे तिथे खोल तडे जातात. टोकांना लगेच ऑइलपेंटचा जाड हात द्या, ओंडके दगडांवर उचलून ठेवा आणि शक्य तितक्या लवकर चिरून घ्या. मात्र वृक्षतोड नियमनाच्या १९६४ च्या कायद्यातील अनुसूचित झाडांत फणस मोडतो, म्हणून झाड आपोआप पडलेले असले तरी ओंडके हलवण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची लेखी विचारणा करावी.

परसातल्या झाडाने कपड्यांच्या दोरीचे खिळे आणि तारा पोटात घेतलेल्या असतात. त्यांची कल्पना गिरणीवाल्याला आधीच द्या, कारण एक खिळा पात्याचे दात घालवतो. मजुरी घनफुटावर असेल, तर वेढ्याच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणतात : ६० इंच वेढ्याच्या आठ फुटी ओंडक्याचे माप १२.५ घनफूट भरते. टेबलाच्या वरच्या भागासाठी पावणेदोन इंच आणि देव्हाऱ्यासाठी एक इंच जाडीच्या फळ्या पाडाव्यात. वाळताना आणि रंधा मारताना जाडी घटते. ज्या फळीत खोडाचा अगदी मधला बिंदू येतो ती हमखास तडकते, तेव्हा तो भाग बाजूला काढायला सांगा.

खरी कसोटी वाळवण्याची आहे. हवेशीर, छप्पर असलेल्या जागी जमिनीपासून फूटभर उंचीवर फळ्या रचाव्यात, प्रत्येक थरामध्ये दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या घालाव्यात आणि या पट्ट्या बरोबर एकीवर एक याव्यात, नाहीतर फळ्या वाकलेल्या स्थितीतच वाळतात. वर वजन ठेवावे. ऊन लागू देऊ नये. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष हा सुतारांचा ठोकताळा कोकणच्या दमट हवेत कमीच पडतो, म्हणून कुडाळला वाळलेल्या फळ्या पुण्याला नेल्यावर उन्हाळ्याचे दोन-तीन महिने तिथेच रचून ठेवाव्यात आणि मॉइश्चर मीटरवर ओलावा १० ते १२ टक्क्यांवर स्थिरावल्याशिवाय सुताराला बोलावू नये. वाळल्यानंतरही लाकूड ऋतूनुसार रुंदीत फुगते आणि आकसते. टेबलाचा वरचा भाग चौकटीला घट्ट चिकटवून टाकला तर तो फुटतो, तेव्हा स्क्रूसाठी लांबट भोके ठेवण्याचा आग्रह धरावा. फिकट थरावर वाळवी आणि भुंगेरे लवकर येतात, त्यामुळे देव्हाऱ्यासाठी फक्त पिवळा गाभा वापरावा. त्याचा हळदी रंग प्रकाशात हळूहळू तांबूस तपकिरी होतो, आणि मला तरी त्यावर गडद पॉलिश चढवणे पटत नाही. इंची फळ्या आधी तयार होणार असल्याने पहिले काम देव्हाऱ्याचेच काढावे.