संघाचं वार्तापत्र हाती घेताना

सप्रेम नमस्कार,

विभागीय ग्रंथपाल संघाचं वार्तापत्र आणि येणारी कार्यशाळा, दोन्ही तुझ्याकडे आल्याचं कळलं. अभिनंदन नंतर करू, आधी कामाचं बोलू.

वार्तापत्र अध्यक्षांसाठी काढायचं नसतं. एकट्याने ग्रंथालय सांभाळणारा सभासद डोळ्यांसमोर ठेव. देवघेव तोच बघतो, तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या सूचीनोंदी, तोच करतो, आणि तो दिवसभर बाहेर पडला की दाराला कुलूप लागतं. त्याला वरिष्ठांची परवानगी काढायची असते, म्हणून बातमी लवकर हवी आणि पूर्ण हवी. होऊन गेलेल्या कार्यक्रमांचे फोटो शेवटच्या पानावर जाऊ देत. पहिलं पान येणाऱ्या कार्यक्रमांचं. प्रत्येक सूचनेत तारीख, वार, वेळ, ठिकाण, जागा किती, नोंदणी कधीपर्यंत आणि सोबत काय आणायचं, एवढं यायलाच हवं. तारीख-वार कॅलेंडर उघडून ताडून बघ. मागच्या सूचनेवरून नवी तयार करताना तारीख बदलली जाते, वार तसाच राहतो. मग कुणी तारखेला येतं, कुणी वाराला.

सूचना निदान सहा आठवडे आधी जाऊ दे. तिच्यासोबत संस्थाप्रमुखांच्या नावे एक पानाचं विनंतीपत्र जोड. परवानगीच्या अर्जाला तेच लागतं. प्रमाणपत्रावरही नुसतं ‘सहभाग घेतला’ लिहू नको. विषय आणि तास लिही.

आता कार्यशाळा. पुस्तकांची एक्सेलमधली यादी कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत, नेणं हा विषय घेतलाय, तर व्याख्यानाला अर्धा तास पुरे. दोघांत एक संगणक हवा. चौघांना एक दिला की एक जण करतो, तिघे बघतात. दर दहा जणांमागे एक मदतनीस ठेव. सराव वेगळ्या सर्व्हरवर, चालू ग्रंथालयाच्या विदेवर (डेटावर) मुळीच नाही. पन्नासेक नोंदींची फाइल आधीच बनव आणि तिच्यात मुद्दाम चुका पेरून ठेव, कारण घरी गेल्यावर सगळे नेमके तिथेच अडकतात.

पहिली अडचण एक्सेलचीच. 13 अंकी आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाला, तो संख्या समजतो आणि दशांश चिन्ह देऊन आखूड करून दाखवतो. तशीच फाइल सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुरात, जतन केली की मागचे अंक कायमचे जातात. जुन्या 10 अंकी क्रमांकांचं आणि बारकोडचं सुरुवातीचं शून्यही असंच गळतं. ते रकाने माहिती भरण्याआधी ‘मजकूर’ प्रकारचे करायचे. नंतर केल्याने गेलेले अंक परत येत नाहीत. साध्या सीएसव्हीत देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात, म्हणून जतन करताना यूटीएफ-8 असलेला पर्याय निवडायचा. पुढे मार्क नोंदी, म्हणजे संगणकाला वाचता येतील अशा ठरावीक साच्यातल्या सूचीनोंदी, तयार झाल्या की लीडरमधलं, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या अक्षरपट्टीतलं, 09 हे स्थान बघायला शिकव. मोजणी शून्यापासून, म्हणजे दहावं अक्षर. तिथे रोमन लिपीतला छोटा ‘ए’ हवा. जागा रिकामी असली तर नोंद युनिकोडमधली नाही असा अर्थ होतो आणि मराठी मजकूर बिघडू शकतो. एवढी एक गोष्ट नीट कळली तरी तो दिवस वसूल. कोहात नोंदी आधी स्टेज करून, म्हणजे तात्पुरत्या बाजूला चढवून, आधीच्या नोंदींशी जुळणी तपासायची आणि मगच आयात करायची. आयात मागे घेण्याची सोय आहे, पण ती देवघेव सुरू होण्याआधीच वापरावी.

वार्षिक सभेची सूचना काढताना संघाची घटना शेजारी उघडी ठेव. किती दिवस आधी कळवायचं, त्यात सूचनेचा आणि सभेचा दिवस धरायचा की नाही, गणपूर्ती किती, हे तिच्यात बघ. आठवणीवर विसंबू नको.

राहिलं अंकाचं. मुखपृष्ठावर खंड, अंक, महिना, वर्ष छाप, आणि विशेषांकालाही मालिकेतलाच क्रमांक दे. नवा संपादक आला की मथळा बदलायची हौस सगळ्यांना असते. ती आवर. नावात मोठा बदल झाला की नवा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो आणि सभासदांच्या नियतकालिक-नोंदीत एकाची दोन होतात. ग्रंथपालांच्याच संघाने ग्रंथपालांना हा ताप द्यावा म्हणजे कमाल आहे. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगवेगळे असतात. आपल्याकडे दोन्ही आहेत का, एवढं दप्तरात शोधून घे.

पहिल्या अंकाची मुद्रितं छपाईला देण्याआधी माझ्याकडे पाठव.

कळावे.