गरम पाण्याखालीच थांबणाऱ्या उलट्या

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा आहे. वर्षभरात चारदा उलट्या होऊन सलाइन लावावं लागलं. सोनोग्राफी, एंडोस्कोपी नॉर्मल. त्रास सुरू झाला की तासन्‌तास गरम शॉवरखाली बसतो. कॉलेजपासून रोज गांजा ओढतो, हे आता कळलं. ‘त्यानेच मळमळ कमी होते,’ असं म्हणतो. हे खरं असेल का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : शॉवरचं लिहिलंत ते फार बरं केलंत, निदानाचा धागा तिथेच आहे. वर्षानुवर्षं गांजा ओढणाऱ्या काही जणांना होणारा हा आजार ‘कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम’ असण्याची दाट शक्यता आहे. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. मुलगा खोटं बोलत नाही. गांजातला टीएचसी हा घटक एरवी मळमळ दाबतो, पण वर्षानुवर्षांच्या सेवनाने काहींमध्ये तोच उलट्या घडवतो. मळमळलं की आणखी ओढायचं, हे चक्र त्यातूनच सुरू होतं.

पुढच्या वेळी कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या गांजाचं सांगा. लपवलंत तर पुन्हा त्याच तपासण्या होतील. उलट्या थांबवणारं ऑनडॅनसेट्रॉनचं इंजेक्शन या आजारात अनेकदा लागू पडत नाही. अशा वेळी डॉक्टर ईसीजी पाहून हॅलोपेरिडॉल हे दुसरं औषध देतात किंवा पोटावर कॅप्सेसिनचं क्रीम लावतात. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणा, पण घरी मिरची वाटून लावू नका, कातडी भाजेल.

शॉवरने बरं वाटतं, पण घामावाटे पाणी आणखी जातं, चक्कर येते. गॅस गीझर बाथरूममध्येच असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. खिडकी उघडी हवी, आतून कडी नको. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट तेवढ्याच पाण्यात कालवून चमचा-चमचा पाजा. तेही टिकत नसेल, ८ तास लघवी झाली नसेल, उलटीत रक्त दिसलं किंवा छातीत धडधडलं तर थांबू नका, लगेच हॉस्पिटलमध्ये न्या. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं, मूत्रपिंडांवर ताण येतो.

कायमचा उपाय एकच, गांजा पूर्ण बंद. होळीची भांगसुद्धा नको. टीएचसी चरबीत साठतो, त्यामुळे सोडल्यावरही काही आठवडे त्रास होऊ शकतो. ‘सोडूनही फरक नाही’ म्हणून पुन्हा ओढायला लागणारे इथेच फसतात. पहिले दोन आठवडे झोप उडते, चिडचिड होते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची मदत आधीच घ्या. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तुम्हाला जवळ आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, तिथे आधी तुम्ही स्वतः बोललात तरी चालेल.