पावसाळ्यात गड आणि धबधबे बंद करण्याचा सरकारला काय अधिकार? माझा जीव, माझी जबाबदारी नाही का?

तुमचा राग मला समजतो. महिनाभर आधी ठरवलेला ट्रेक, पहाटे चारला घर सोडलेलं, आणि नाक्यावर पोलीस म्हणतात, "आदेश आहे, परत फिरा." माझ्याही वाट्याला हे आलंय. मी वीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतोय, त्यातली अकरा वर्षं एका बचाव पथकात आहे. सरसकट बंदी मलाही पटत नाही. पण "माझा जीव, माझी जबाबदारी" हे वाक्य तुम्ही म्हणता तितक्या सहज माझ्या तोंडून निघत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जिल्हाधिकारी हे आदेश पूर्वी कलम १४४ खाली काढत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ त्याच्या जागी आलं. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणजे अधिकार आहेच. तो कुठे वापरावा आणि कुठे नाही, यावर बोलू.

काही धोके आपल्याला दिसतात, काही दिसूच शकत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी आणि आणखी काही गाड्या पुरात गेल्या. त्या एसटीत बसलेल्या माणसाने कुठली जबाबदारी घ्यायची होती? अंधार, मुसळधार पाऊस, आणि समोरचा पूल आहे की गेला हे चालकालाही कळायला मार्ग नाही. पुलाचा दगड किती झिजलाय, धरणाचे दरवाजे किती वाजता उघडणार, दोरी बांधून दरीत सोडणाऱ्या कंपनीचे बोल्ट कोणी तपासले, हे मला डोळ्यांनी दिसत नाही. तिथे सरकारनेच पुढे असलं पाहिजे आणि तिथे मी त्याला एक पैची सूट देणार नाही.

कुंडमळ्याचंही तसंच. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चार जण गेले. तिथे धोक्याचा फलक होता, तरी लोक पुलावर गेले, म्हणून चूक लोकांची असं पुष्कळांनी लिहिलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. गंजलेला सांगाडा किती माणसं पेलेल हे फलक वाचून कळत नाही. वापरायचा नसलेला पूल दोन्ही टोकांना बंद करायचा असतो. नुसती पाटी लावली म्हणजे जबाबदारी लोकांच्या गळ्यात घातली असं होत नाही.

आता दिसणारा धोका. ओली कातळपायरी, शेवाळ, सुटलेला दगड, धुकं, आणि सगळ्यात फसवा म्हणजे ओढा. काही वर्षांपूर्वी एका घळीत आम्ही अकरा जण डबे उघडून बसलो होतो. अंगावर ऊन होतं. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. वाडीतले एक मामा वाट दाखवायला बरोबर होते. त्यांनी घास हातात धरूनच मान वर केली आणि म्हणाले, "उठा. डबे राहू द्या." आम्हाला काहीच वेगळं दिसत नव्हतं. मग बघितलं तर पाण्याला चहासारखा रंग चढत होता, काड्या नि पाला वाहत येऊ लागला होता. आम्ही काठावर चढलो आणि पाच-सहा मिनिटांत आम्ही बसलो होतो तो खडक पाण्याखाली गेला. पाऊस वर माथ्यावर पडला होता, आमच्यावर थेंबही नव्हता.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात जे घडलं, त्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभं राहिलेलं कुटुंब. त्यातली पाच माणसं गेली, आणि पाचांतली चार लेकरं होती. तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला, पुन्हा पाहवला नाही. त्या लेकरांनी कुठला धोका पत्करला होता? मोठ्या माणसाने समजून-उमजून स्वतःचा जीव पणाला लावणं वेगळं आणि कडेवरचं पोर घेऊन पाण्यात उतरणं वेगळं. "माझा जीव" म्हणताना आपल्याबरोबर किती जीव आहेत हे आधी मोजायला हवं. त्या आई-बापांना मी दोष देत नाही. पाण्याचा रंग बदलला की उठायचं, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नसणार. मलाही मामांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि वाचवायला येणाऱ्यांचं काय? एका जुलैत, घोटा मोडलेल्या एका मुलाला आम्ही खाली आणलं. चढायला दोन तास लागणारी वाट, स्ट्रेचर घेऊन उतरायला सात तास लागले. एका वेळी आठ जण लागतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी खांदे बदलावे लागतात. आम्ही पथकाचे सहाच होतो. उरलेले सगळे वाडीतले. तो भात लावणीचा दिवस होता. चिखल करून ठेवलेली खाचरं आणि उपटलेल्या रोपांच्या मुठी तशाच टाकून ती माणसं वर आली. कुणी पैसे मागितले नाहीत. त्या मुलाने निघताना कुणालाही विचारलं नव्हतं आणि त्याच्या घरी तो लोणावळ्याला फिरायला गेलाय एवढंच माहीत होतं. जबाबदारी त्याची असेलही, पण त्या दिवशी भार इतरांनीच वाहिला.

तरीही बंदीच्या बाजूने मी का बोलत नाही? कारण बंदीमुळे लोक जायचे थांबत नाहीत, त्यांची वाट बदलते. मुख्य रस्त्यावर नाका लागला की गाड्या मागच्या गावातून येतात. तिथे ना वाटाड्या, ना दुकान, ना फोनला रेंज. ज्या वाटेने जायला नको तीच वाट आपण त्यांना दाखवतो. दुसरं, पायथ्याच्या गावाचं वर्षाचं बरंचसं रोख उत्पन्न या दोन-अडीच महिन्यांतलं असतं. चहा, भजी, भाजलेलं कणीस, जेवणाची ताटं, वाटाड्याचे पाच-सातशे रुपये. बंदीचा कागद निघतो तेव्हा या घरांना कोणी विचारत नाही, भरपाई तर लांबच. आणि तिसरं, बाटल्या घेऊन आलेला जमाव आणि दोर-शिट्टी घेऊन आलेले सहा जण, दोघांना एकच आदेश.

पुण्यात हेल्मेटवरून वर्षानुवर्षं वाद चाललाय, तिथेही "माझं डोकं, माझी मर्जी" हेच ऐकू येतं. मी मात्र हेल्मेटसक्तीच्या बाजूचा आहे. हेल्मेट माझ्याकडून फार काही घेत नाही. मला जायचं तिथे जाऊ देतं. गडबंदी अख्खा गडच काढून घेते. सरकारने नियम करताना एवढा फरक केला तरी माझी निम्मी तक्रार संपेल. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी बंद ठेवा, मी स्वतः नाक्यावर उभा राहून लोकांना परत पाठवीन. बाकीचे दिवस माणसांची संख्या ठरवा, नावनोंदणी घ्या, गावातलाच वाटाड्या सक्तीचा करा, धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवा. ट्रेक नेऊन पैसे घेणाऱ्यांवर तर कडकच राहा. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आलेत, ते पाळले जातात का हे पाहायला माणसं नेमा.

तुमच्याकडूनही एक हवंय. कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं, हे घरी लिहून ठेवून निघा. आणि परत फिरायची तयारी ठेवा, हे सगळ्यात अवघड आहे. गेल्या पावसाळ्यात मी चौदा जणांना घेऊन निघालो होतो. बंदी नव्हती, अलर्ट नव्हता. धबधबा अर्ध्या तासावर असताना वाटेतला ओढा गुडघ्याच्या वर लागला, आणि पाणी तांबूस. मी म्हटलं, इथूनच मागे. दोघं चिडले, मुंबईहून रात्रभर प्रवास करून आले होते. एक जण वाडीत पोहोचेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आम्ही तिथेच पिठलं-भाकरी खाल्ली, ओले मोजे चुलीशी वाळवले आणि तीनच्या एसटीने परत आलो. ओढा नंतर वाढला की ओसरला, मला माहीत नाही.